ज्यांना उत्तर माहीत असतं

"झालं? इतक्यात?" एसेता खुर्चीतून अर्धवट उठली.

डन्स्टनबाईंनी दार मागे लोटून धरलं आणि हसून मान हलवली. हसू चांगलं होतं, पण एसेताला ते पुरलं नाही. शाळेने सांगितलं होतं की चाचणीत सकाळ जाईल, मधे सुट्टीही देतील. त्या सुट्टीसाठी तिने पहाटे उठून पानिकेके, गोड पिठाचे गोळे, तळले होते. डबा अजून तिच्या मांडीवर कोमट होता.

बाईंच्या मागून फेतू बाहेर आली. दाराशी दोन शिक्षक खुर्च्यांवर बोलत बसले होते. त्यांच्या मधून जाताना ती घरच्या रिवाजाप्रमाणे कंबरेत वाकली आणि पुटपुटत माफी मागून पुढे सरकली. शिक्षकांचं लक्षही नव्हतं. आईपाशी येऊन ती उभी राहिली, हात मागे बांधून.

"फार गुणी मुलगी आहे," डन्स्टनबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात भेटू या आपण."

गाडीत बसल्यावर एसेताने डबा पुढे केला. फेतूने घेतलं नाही. पानिकेकेला नाही म्हणणारं मूल त्यांच्या घराण्यात अजून जन्मलं नव्हतं.

"कसं गेलं गं?"

"बरं."

"काय काय विचारलं?"

फेतू खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेला जॅकरँडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता आणि त्यात एक आयबिस पक्षी कचऱ्याच्या डब्यात मान खुपसून उभा होता. एरवी तिने त्या पक्ष्यावर दहा प्रश्न काढले असते.

"आई, तू आजीला सांगणारेस?"

"काय सांगू?"

"काही नाही."

संध्याकाळी फेतूने कुणी न सांगता भांडी घासली. चटया झटकून गुंडाळल्या. मग आजीच्या पायाशी बसून तिचे पाय चेपायला लागली.

"आज सूर्य कुठून उगवला?" सासूबाई पंख्याने वारा घेत म्हणाल्या.

"असू दे की," सेफो, एसेताचा नवरा, मांस कारखान्यातल्या पाळीला जायचे बूट चढवत होता. "हुशार निघाली नाही तर नाही, निदान कामाची तरी निघाली."

एसेता हसली नाही. ती लेकीच्या बोटांकडे बघत होती. हे असं पाय चेपणं तिला ओळखीचं वाटत होतं. कुठलं, ते आठवत नव्हतं.

तशी ती आठ वर्षं हेच करत आली होती. बघत. फेतू दुपट्यात असल्यापासून तिचा श्वास मोजत, ताप बघत, डोळ्यांत बघत. बेटावरून येऊन लोगन शहरात स्थायिक झालेल्या त्यांच्या लोकांच्या चर्चमधल्या बायका चिडवायच्या, "एसेता, पोर आहे ती, दुधाचं पातेलं नाही, सारखी काय नजर ठेवतेस?" पण नजर ठेवली म्हणूनच तिला काही गोष्टी दिसल्या होत्या. चर्चमध्ये त्या दिवशीच्या गाण्यांचे आकडे पाटीवर लावलेले असत. पाच वर्षांच्या फेतूने एकदा तिच्या कानात सांगितलं होतं, "आई, पाळकांना सर्दी झाली की ते लहान गाणी लावतात." एसेताने पुढचे किती तरी रविवार लक्ष ठेवलं. खरंच होतं.

यंदा वर्गशिक्षिकेनेही असंच काहीतरी पाहिलं आणि फेतूचं नाव बुधवारच्या वर्गासाठी सुचवलं. आसपासच्या शाळांमधून निवडलेली मुलं दर बुधवारी मोठ्या शाळेत जात. तिथे प्रयोगशाळा होती, दुर्बीण होती आणि 'हे आत्ता नको विचारू' असं म्हणणारं कुणी नव्हतं. त्यासाठी आधी डन्स्टनबाईंची चाचणी. या भागातल्या शाळांमध्ये मुलांची बुद्धी तपासायचं काम त्या करत.

आठवड्याने एसेता त्यांच्यासमोर बसली तेव्हा तिला स्वतःचाच निकाल असल्यासारखं वाटत होतं.

"आधी चांगलं सांगते," डन्स्टनबाई म्हणाल्या. त्यांचे केस पांढरे होते आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "ठोकळ्यांच्या नक्ष्या, चित्रांची कोडी, पुढचा आकार कुठला येईल, असलं सगळं. शंभर मुलं एका रांगेत उभी केली तर फेतूच्या पुढे एखाद-दुसरंच असेल. तिचे हात बघत बसावं असं होतं मला."

"आणि वाईट?"

"वाईट असं नाही." बाईंनी चष्मा काढला. "दुसरा भाग बोलून उत्तर द्यायचा असतो. अमुक म्हणजे काय, या दोन गोष्टींत सारखं काय, असं का करतात. तिथे ती बोललीच नाही. टेबलाकडे बघत राहिली."

"एकाचंही उत्तर दिलं नाही?"

"पहिल्या एक-दोनांना अगदी हळू. मग बंद."

 एसेताची जुनी खोड जागी झाली. एखादं यंत्र बिघडलं की ते उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"ही चाचणी चालते तरी कशी? मला नीट सांगाल?"

बाईंना हे कुणी विचारत नसावं. त्या पुढे सरकून बसल्या. "प्रश्न सोप्यापासून सुरू होतात आणि अवघड होत जातात. मूल कुठवर चढतं ते बघायचं. लागोपाठ तीन उत्तरं चुकली की तो भाग थांबवायचा. उगाच पोराचा छळ नको म्हणून."

"म्हणजे चुकीचं उत्तर दिलं काय आणि गप्प बसलं काय..."

"दोन्हीला शून्य."

"आणि ती का गप्प आहे, त्याला?"

"त्याला रकाना नाही," डन्स्टनबाई म्हणाल्या, आणि क्षणभर त्यांनाच ते ऐकायला बरं वाटलं नाही. "मी शेरा लिहू शकते. लाजाळू म्हणून. पण शेऱ्याचे गुण होत नाहीत. सगळं एकत्र केलं की फेतू इथे येते." त्यांनी हात टेबलाला टेकवून किंचित वर उचलला. "चांगलीच आहे ही जागा. बहुतेक मुलं इथेच असतात. बुधवारच्या वर्गाला इथवर लागतं." हात फुलदाणीच्या तोंडापर्यंत गेला.

लाजाळू. एसेताच्या स्वतःच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात हा शब्द होता. पुढे विद्यापीठात प्राध्यापक म्हणायचे, "कोण सांगेल?" तेव्हा तिला येत असायचं, आणि ती आपल्या सपातांच्या पट्ट्यांकडे बघत बसायची. मग मागच्या बाकावरचा कुणीतरी चुकीचं उत्तर ठणकावून द्यायचा आणि प्राध्यापक त्याला शाबासकी द्यायचे, निदान प्रयत्न केलास म्हणून.

"लाजाळू?" सेफोला सांगितलं तेव्हा तो खदखदून हसला. "आपली फेतू? परवा माझ्या बहिणीच्या मोसेला आणि बाकीच्या पोरांना ओळीत बसवून ग्रहण समजावत होती. पपई सूर्य आणि मोसेचं डोकं चंद्र! त्या बाईंनी दुसऱ्याच कुणाची तरी परीक्षा घेतली असेल बघ."

ते खरं होतं, आणि तेच एसेताच्या डोक्यातून जाईना. तीच मुलगी, तीच जीभ. मग ती खोली तिच्याशी काय करते?

एसेता रक्त तपासणी केंद्रात कामाला होती. शास्त्राची पदवी घेऊन तिने दुसरं काहीतरी करायचं ठरवलं होतं, पण फेतू झाली, सासूबाई आजारी पडल्या, आणि शीर शोधायला तिची बोटं इतकी चांगली निघाली की राहिली ती तिथेच. त्या आठवड्यात तिच्या खुर्चीत उएले आजोबा येऊन बसले. चर्चमधले वडीलधारे. कंबरेला स्वच्छ लावालावा गुंडाळलेले, हातात पंखा, आदल्या दिवसापासून उपाशी म्हणून जरा चिडचिडे.

त्यांच्या दंडाला पट्टा बांधायच्या आधी एसेताने नेहमीचं वाक्य म्हटलं. दिवसभरात ती ते इतक्या वेळा म्हणायची की त्याचा अर्थ कधीच झिजून गेला होता.

"आजोबा, पूर्ण नाव सांगा तुमचं."

आजोबा गप्प.

"आणि जन्मतारीख."

आजोबांनी पंखा मांडीवर ठेवला. नजर जमिनीकडे गेली. ताठ बसणारा तो मोठा माणूस बघता बघता लहान झाला.

"पोरी, माझ्याकडून काही चुकलं का?"

"छे हो! असं का विचारता?"

"कागद तुझ्या हातात आहे. त्यावर माझं नाव आहे. रविवारी तू मला नावाने हाक मारून ताट वाढलंस. वांग्याएवढा तारोचा कंद वाढलास, विसरलो नाही मी. आणि आज विचारतेस, मी कोण?"

"तो नियम आहे, आजोबा. चुकून दुसऱ्याच्या नळीवर तुमचं नाव..."

"असेल. पण माणसाला असं कधी विचारतात? समोरच्याला सगळं ठाऊक असून वर आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं तेव्हा. एक तर पोलीस विचारतो असं. नाहीतर आई, झाडू पाठीमागे धरून."

एसेता हसायला लागली. आणि हसता हसता थांबली. तिच्या हातातला पट्टा तसाच लोंबत राहिला.

"अगं काढ की रक्त," आजोबा म्हणाले. "उएले. उएले तोमासी. झालं समाधान? भूक लागलीय मला."

त्या दिवशी घरी येऊन तिने पर्स खाली ठेवली, ओट्यावरचा चमचा उचलला आणि फेतूसमोर धरला.

"फेतू, हे काय आहे?"

फेतूने चमच्याकडे बघितलं. मग तिची मान खाली गेली. "मी धुतला होता गं. खरंच धुतला होता."

"आणि हा?" एसेताने डाव्या हाताने पेला दाखवला. 

"तो मोसेने ठेवला होता. पण मी त्याला सांगायला हवं होतं."

एसेता जमिनीवरच बसली आणि तिने लेकीला ओढून जवळ घेतलं. "अगं वेडे, मी रागावले नाहीये. त्या बाईंनीसुद्धा असंच विचारलं का तुला? त्या खोलीत?"

फेतूने आईच्या खांद्यात तोंड लपवलं. मग सगळं बाहेर आलं, भडाभडा, जसं तिचं नेहमी येतं.

"त्यांना सगळं येत होतं, आई! त्यांच्यासमोर पुस्तक उघडं होतं, त्यात उत्तरं होती, मला उलटं दिसत होतं. मग मला कशाला विचारत होत्या? आधी सोपं सोपं विचारलं. मग जरा अवघड. मग अजून. आजी नाही का करत? आधी विचारते, या चपला कुणाच्या. मग, चपला कुठे ठेवतात. मग, या इथे कशा आल्या. मला वाटलं, शाळेतलं काहीतरी माझ्याकडून मोडलंय, आणि त्या हळूहळू तिथवर येतायत. मी सारखी आठवत होते, काय मोडलं, काय मोडलं. आठवेचना. त्यांनी मधेच थांबवलं तेव्हा वाटलं, गेली आता तक्रार घरी."

आणि म्हणून भांडी. म्हणून आजीचे पाय. एसेताला आता आठवलं ते चेपणं कुठलं. ती स्वतः तिच्या आईचे पाय असेच चेपायची, बाहेर काही बिघडवून आली की.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कामाचा निळा झगा तसाच अंगावर ठेवून, ती डन्स्टनबाईंकडे गेली. बाईंनी ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तुमच्या घरात मोठी माणसं मुलांना कधीच विचारत नाहीत? हा कुठला रंग, गाय कशी ओरडते?"

"कशाला विचारतील? गाय कशी ओरडते ते त्यांना माहीत असतं."

डन्स्टनबाई हसल्या, मग विचारात पडल्या. "मी माझ्या मुलांना ती बसायला लागल्यापासून हेच विचारत आले. नाक कुठे, डोळा कुठे. मला वाटायचं, जगात सगळेच विचारतात." त्यांनी चष्मा उगाचच पुसला. "हीच चाचणी आता इतक्यात परत घेता येणार नाही. प्रश्न तिच्या कानावरून गेलेत. पण दुसरी एक आहे, वेगळ्या प्रश्नांची. सुट्ट्या लागायच्या आत नावं पाठवायची आहेत. त्याआधी मी ती घेऊ शकते, का घेतली त्याचं कारण लिहून."

"तेव्हा तुम्ही जरा असं म्हणाल का, की 'मला येत नाही, तू सांग'? मग ती बोलेल. कुणाला खरंच अडलं असेल तर ती थांबतच नाही."

"नाही हो. शब्द न शब्द ठरलेला असतो. मी एक शब्द इकडचा तिकडे केला तर तिची बाकीच्या मुलांशी तुलनाच करता येत नाही."

"मग मी सांगू तिला? की बाईंना येत नाही म्हणून?"

"पुस्तक तिला उलटंसुद्धा वाचता येतं, एसेता." बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "प्रश्न शिकवू नका, ते बरोबर होणार नाही. पण प्रश्न कशासाठी विचारतात, ते शिकवा. त्याला माझी काही हरकत नाही."

मग त्यांच्या घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. एसेता विचारायची, "समुद्र खारट असतो की गोड?" आणि फेतूने मान वर ठेवून, आईच्या डोळ्यांत बघून उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस पोरीचे कान लाल व्हायचे. मान आपोआप खाली जायची आणि ती स्वतःच हनुवटीला बोट लावून वर करायची.

"पण तुला तर माहितेय ना, आई?"

"मला उत्तर माहितेय. तुझ्या डोक्यात काय आहे ते नाही माहीत. त्या बाईंनाही तेवढंच बघायचंय."

फेतूने त्यावर विचार केला. "म्हणजे प्रश्न खोटा, पण विचारणं खरं."

एसेताने हे वाक्य मनात घडी करून ठेवलं.

सासूबाई कोपऱ्यातून बघत होत्या. चटईवर बसून पानांच्या पट्ट्या विणत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी फेतू अंघोळीला गेली तेव्हा त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"काय शिकवतेस तिला?"

"शाळेचं आहे, आई."

"मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून फटाफट बोलायचं, हे शाळेचं? आमच्या गावात असल्या पोरीला अतिशहाणी म्हणायचे. अख्खा गाव हसायचा."

"इथे तसं नाही म्हणत."

"इथे काय म्हणतात ते मला नको सांगूस. मी तुझ्याआधी आलेय इथे." सासूबाईंनी पंखा उचलला. "नागरिक व्हायचं होतं तेव्हा एका पोरसवद्या साहेबाने मला विचारलं, या देशाचा झेंडा कसा आहे ते सांगा. त्याच्या मागे भिंतीवर लावला होता! एवढा मोठा! मला त्याची दया आली. म्हटलं, बाळा, मागे वळून बघ."

एसेताला हसू आवरलं नाही. सासूबाईही हसल्या, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग पंखा थांबला.

"सांगते ते ऐक. ज्याला खरंच अडलंय त्याला सगळं सांगावं, पोरीने काय आणि थोरांनी काय. माहीत असून जो विचारतो, त्याला राग आलेला असतो. त्याच्यासमोर मान खाली घालायची, म्हणजे राग उतरायला जागा मिळते. एवढंच आहे ते. तू ती जागा बुजवतेयस."

"फक्त त्या खोलीपुरतं, आई. तिथे वेगळं, घरी वेगळं. कळेल तिला. हुशार आहे ती."

"तू हुशार नव्हतीस? तुला इतकी वर्षं शिकून कळलं का, कुठे बोलायचं आणि कुठे नाही?"

यावर एसेताकडे उत्तर होतं. पण ती सासूबाईंच्या पायांकडे बघत राहिली.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर ती सेफोला म्हणाली, "मी करतेय ते बरोबर आहे ना?" सेफो म्हणाला, "मला विचारतेस? मी रोज मेलेल्या बैलांशी बोलतो. ते काही विचारत नाहीत, मी काही सांगत नाही." पण मग त्याने तिचा हात हातात घेतला. "जाऊ दे तिला, एसे. तिथे दुर्बीण आहे म्हणालीस ना?"

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी एसेता पुन्हा त्याच खुर्चीत बसली. दार बंद झालं. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही, आणि तिला वाटलं, संपलं. मग आतून एक बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला, जरा मोठा. शब्द कळत नव्हते, पण चढउतार कळत होते. फेतू बोलत होती. मधेच तिचं ते वाक्याच्या शेवटी सूर वर नेणं, मधेच खाकरणं, म्हणजे आता ती मोठं काहीतरी सांगणार. एसेता कान देऊन बसली. तिने त्या आवाजाची लय ऐकली आणि तिला कळलं की आत कुठेही घाबरलेलं मूल नाही.

सुट्टीत फेतू बाहेर आली, डब्यातले तीन पानिकेके एकामागून एक खाल्ले आणि तेलकट बोटं स्कर्टला पुसत परत आत गेली. जाताना दाराशी शिक्षक बसले होते. त्यांच्यामधून ती सरळ चालत गेली. वाकायचं विसरली.

एसेताने ते बघितलं. 'घाईत असेल,' तिने स्वतःला सांगितलं.

शाळेला मोठी सुट्टी लागायच्या आठवड्यात डन्स्टनबाईंचा फोन आला. एसेता एका बाईच्या दंडावर कापूस धरून उभी होती, फोन खांद्यात दाबून. "पुढच्या वर्षापासून, दर बुधवारी," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगू? एका प्रश्नाला तिने माझ्या पुस्तकातल्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. मला त्याचे गुण देता आले नाहीत. पण मी लिहून ठेवलंय." एसेताने आभार मानले, बाईला पट्टी चिकटवली, मागच्या खोलीत गेली आणि नळ सोडून रडली.

त्या रविवारी चर्चहून सगळे घरी आले. सेफोच्या दोन्ही बहिणी, त्यांची पोरं. भुईत भाजलेल्या तारोचा वास सगळीकडे पसरला होता. एसेता नारळाच्या दुधातली भाजी ढवळत होती तेव्हा मागून काच फुटल्याचा आवाज आला.  मग सासूबाईंच्या काठीचा आवाज.

ती डाव हातात घेऊन दाराशी आली. परसात पोरं आधीच ओळीत उभी होती, त्यांची त्यांनीच, जशी दर वेळी राहतात. पांढरे कपडे, माना खाली. मोसे, त्याच्या बहिणी, सगळ्यात शेवटी फेतू. गवतात चेंडू पडलेला. रविवारी चेंडूला हात लावायचा नाही, हे या घरात बाळालाही ठाऊक होतं. मागच्या खोलीच्या खिडकीतली काचेची एक पट्टी नव्हती.

सासूबाईंनी चर्चची पांढरी टोपी अजून काढली नव्हती. त्यांनी काठी खिडकीकडे रोखली.

"हे काय आहे?"

"खिडकी," फेतू म्हणाली.

ओळीतली दोन-तीन डोकी दचकून किंचित वळली. सासूबाईंची काठी हवेत राहिली. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, पण आवाज जरा घसरला होता.

"आणि हिच्यात काय असतं?"

"काचेच्या पट्ट्या. नऊ होत्या, आता आठ आहेत."

"मग... नववी कुठे गेली?"

"फुटली, आजी. चेंडू लागला. मोसेने मारला, पण उंच मार असं मी म्हटलं होतं. वारा मागून होता, तो मी हिशेबात धरलाच नव्हता."

मोसेने मान न उचलता डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं, जणू आपल्या शेजारी दुसऱ्याच घरातली पोरगी येऊन उभी आहे. फेतूचा चेहरा वर होता. उद्धट नव्हता, अजिबात नव्हता. डोळे आजीवर होते, उजळ, लक्ष देऊन. पुढचा, याहून जरा अवघड प्रश्न येईल म्हणून ती थांबली होती.

सासूबाईंकडे पुढचा प्रश्न नव्हता. तिसऱ्यानंतर त्यांच्याकडे कधीच नसायचा. तिसऱ्यानंतर त्या नुसत्या उभ्या राहायच्या, पोरांची नाकं वाहायला लागायची, आणि मग त्या ओळीने प्रत्येकाच्या वाकलेल्या डोक्यावर तळवा ठेवत जायच्या. जा, जेवायला बसा. बस, एवढंच. लग्नापासून एसेता हे बघत आली होती.

आत्ताही त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मोसेच्या डोक्यावर तळवा ठेवला. जा. त्याच्या बहिणीच्या. जा. पुढच्या पोराच्या. एकेक पोर सुटून घरात पळत होतं.

फेतूपाशी तो हात आला आणि थांबला. तिथे वाकलेलं डोकं नव्हतं. वर केलेला चेहरा होता, वाट बघणारा. हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, कुठे टेकायचं ते न सुचून.

मग सासूबाईंनी फेतूच्या पांढऱ्या झग्याची कॉलर सरळ केली. ती सरळच होती. आणि काठी टेकत त्या आत गेल्या.